दिवाळीच्या पाच वाट्या

देवकाबाईंनी ब्लाऊज ओळखला तो बाहीवरून. शिवला त्यांनी, दिला सुनेला, आणि अंगात होता भांडेवालीच्या.

लक्ष्मीपूजनाला तेरा दिवस उरले होते. सौसर गावातल्या घरात खिडकीशी पायमशीन खडखडत होती आणि देवकाबाईंच्या मांडीवर नातवाच्या शर्टाची कॉलर होती. गल्लीतून जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईची हाळी आली. देवकाबाईंनी दोन विटकी लुगडी काढूनच ठेवली होती. त्यांवर एखादा झारा मिळाला तर फराळ तळायला होईल, एवढीच त्यांची अपेक्षा. बाई दारात आली, टोपली पायरीवर टेकवली, पदर सारखा करायला हात वर केला, आणि देवकाबाईंचा पाय मशीनवरच थांबला.

मोरपंखी ब्लाऊज, बाहीला हिरवा काठ, काठावर सोनेरी कोयऱ्या. डाव्या बाहीवरची शेवटची कोयरी अर्धीच, कारण काठ तिथे सरला होता. हा काठ बाजारातला नव्हे. भैय्याजी, म्हणजे देवकाबाईंचे यजमान, मास्तरकीतून रिटायर झाले त्या साली त्यांनी बायकोला घेतलेल्या साडीचा. चारदा नेसलेली साडी. मागच्या दिवाळीला सुनेच्या ब्लाऊजला शोभेल असा काठ बाजारात मिळेना, तेव्हा देवकाबाईंनी स्वतःचीच साडी कपाटातून काढली आणि तिला कात्री लावली. कापताना जीव तुटला, खोटं कशाला सांगायचं. पण अमिता भाऊबीजेला माहेरी घालेल, चार बायका विचारतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भाऊबीजेला अमिताचा फोनही आला होता. ब्लाऊज एकदम फिट झाला आई, म्हणाली होती.

"हा ब्लाऊज कुठून आनला वो बाई?" देवकाबाईंनी विचारलं. आवाज मऊ होता. ज्यांना देवकाबाई ठाऊक आहेत ते अशा मऊ आवाजाला घाबरून लांब उभे राहतात, पण भांडेवाली बिचारी नवी होती.

तिचं नाव विजया. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखी सडसडीत बाई, पस्तिशीची. तिला वाटलं, कौतुक चाललंय. ती खुशीत सांगू लागली की पांढुर्ण्याला रेल्वे लायनीच्या पलीकडे एक म्याडम राहते, दर दिवाळीनंतर महिनाभरात गठुडं काढून देते. सगळं कोरं असतं, घडीसुद्धा मोडलेली नसते. शर्ट, पंजाबी ड्रेस, ब्लाऊज. बाजारात हातोहात जातं.

"बाकी सारं इकलं, हा नाही इकला," विजया म्हणाली. "माह्या आंगात असा बसला, जसा काही माह्यासाठीच शिवला."

देवकाबाईंनी विचारलं, त्या म्याडमला बदल्यात काय दिलंस. विजयाने आठवून सांगितलं, त्याच्या आदल्या साली ताटं दिली होती, मागच्या साली झाकणावर फूल काढलेला मोठा डबा. देवकाबाईंना उठून बघायची गरज नव्हती. झाकणावर फूल काढलेला मोठा डबा त्यांच्याच स्वयंपाकघरात फळीवर होता. संक्रांतीला अमिता त्यात तिळाचे लाडू घेऊन आली होती आणि जाताना म्हणाली होती, डबा तुमच्याकडेच राहू द्या आई, तुम्हाला फराळाला लागतो. कालच देवकाबाईंनी त्यात शंकरपाळे भरले होते. म्हणजे साडी त्यांची, काठ त्यांचा, शिलाई त्यांची, आणि सगळं फिरून आलं ते डबा होऊन, आणि तो डबा त्या वर्षभर घासूनपुसून ठेवत होत्या. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात ते हेच. देवकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विजयाला त्यांनी गुरुवारी परत ये म्हणून सांगितलं, लुगडी दिली, आणि झारा घ्यायचाच विसरल्या.

आता ही देवकाबाई कोण, हे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल एका ब्लाऊजासाठी एवढा थयथयाट कशाला.

बत्तीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. सौसरच्या अर्ध्या मोहल्ल्यातली पोरं त्यांनी शिवलेल्या गणवेशात शाळेत गेली, आणि त्याच पोरींच्या लग्नाचे ब्लाऊज पुढे त्यांनीच शिवले. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलांच्या झुली घेऊन यायचे, त्याही शिवून दिल्या; म्हणायच्या, बैल बरा, गळा मोठा झाला म्हणून कुरकुरत नाही. हातात कसब होतं पण जिभेला धार होती. एखादं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा काही सांगायला आलं की अख्खा कपडा उसवून त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, घे, आता तूच शिव. तरी लोक यायचे, कारण कापड फाटेल पण देवकाबाईंची शिलाई निघणार नाही असा त्यांचा लौकिक. मग दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरने बारीक काम बंद करायला सांगितलं, आणि देवकाबाईंनी लोकांची शिलाई सोडली. घरची दिवाळी मात्र सोडली नाही.

कुलदीप, त्यांचा एकुलता एक मुलगा, सरकारी नोकरीत. सहा वर्षांमागे त्याची बदली पांढुर्ण्याला झाली. बायको अमिता आणि दोन लेकरं घेऊन तो तिकडे गेला. आज ना उद्या परत येईल असं म्हणता म्हणता पांढुर्ण्याचा जिल्हा झाला, कुलदीपची खुर्ची मोठी झाली, आणि परत येण्याची गोष्टच बंद पडली. मग देवकाबाईंजवळ उरलं काय, तर दिवाळी. दसऱ्याला त्या मशीनला हळदकुंकू वाहायच्या आणि त्याच दिवशी कात्री लावायच्या. पांढुर्ण्याची मंडळी लक्ष्मीपूजनाला यायची, एक मुक्काम करायची, आणि दुसऱ्या दिवशी मोहगावला अमिताच्या माहेरी जायची. निघताना देवकाबाई प्रत्येकाच्या कपड्याला कुंकवाचं बोट लावून पिशवी भरून द्यायच्या: भाऊबीजेला घाला. मोहगावात कोणी काय घातलं ते बघायला देवकाबाई काही जात नव्हत्या. फोन यायचा, एकदम फिट. बस. त्या दोन शब्दांवर पुढचा दसरा येईपर्यंत त्यांचं वर्ष निघायचं.

आणि शिवायच्या कशा, तेही सांगायला पाहिजे. लोकांना टेप लावायच्या, घरच्यांना कधीच नाही. त्यांच्या मायने सांगून ठेवलं होतं, घरच्या माणसाच्या अंगाला टेप लावू नये, वाढ खुंटते, आयुष्य मोजल्या जाते. म्हणून घरच्यांचं माप नजरेनं. खाकी कागदाचे फर्मे कापून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले, एकेकावर नाव. लेकरांच्या फर्म्याला दर साली दोन बोटं वाढवायची. मोठ्यांचा फर्मा एकदा कापला की कापला. अमिताचा फर्मा लग्नाच्या आधी, ती पसंतीला चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा, देवकाबाईंनी नुसतं बघून कापला होता आणि लग्नातला ब्लाऊज असा बसला होता की मोहगावच्या शिंप्याने येऊन हात जोडले. त्याची फुशारकी देवकाबाई वीस वर्षांनंतरही मारत होत्या.

तर अशा बाईचा ब्लाऊज भांडेवालीच्या अंगात दिसला.

भैय्याजी ओसरीत पेपर वाचत बसले होते. देवकाबाईंनी जाऊन त्यांच्या हातातला पेपरच काढून घेतला आणि सगळं सांगितलं. अमिता कशी गोड बोलते, कुलदीप कसा बायकोच्या ओंजळीने पाणी पितो, नातीला, दामिनीला, कॉलेजची हवा कशी लागली. त्यांना वाटलं, नवरा निदान हूं तरी म्हणेल. भैय्याजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

दोन वर्षांमागे ते पांढुर्ण्याला गेले होते तेव्हा दाराच्या मागे गठुडं बांधलेलं त्यांनी पाहिलं होतं. नातवाचा, अंकुरचा, चौकड्याचा शर्ट वरच होता. अमिता शरमली होती, त्यांनी काही विचारलं नव्हतं, तिने काही सांगितलं नव्हतं. देवकाबाईंनी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. भैय्याजी म्हणाले, "दसऱ्यापासून तू मशीनवर बसते तवा खुशीत राहते. गाने म्हनते. मंग मी कायले सांगू?"

सुनेचा राग एक वेळ समजतो. सून परक्या घरची. पण चव्वेचाळीस वर्षं ज्याच्या बंड्या शिवल्या, ज्याचं एक बटण तुटलं तरी ताटावरून उठून लावून दिलं, तो माणूस दोन दिवाळ्या शेजारी बसून मूग गिळून बायकोचा तमाशा बघत होता. देवकाबाई गाणी म्हणत होत्या आणि तो ऐकत होता. त्यांना आपल्याच त्या गाण्यांची एवढी लाज वाटली की त्यांनी तिथेच ठरवलं, या माणसाशी बोलायचं नाही. आणि बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट आदळायच्या, चहाचा कप खिडकीत ठेवून निघून जायच्या, काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायच्या. भैय्याजी जामसांवलीला जाऊन मारुतीला नारळ फोडून आले, त्याचा प्रसादही त्यांनी शेजारणीच्या हातून घेतला.

मशीन मात्र थांबली नाही. कोणाला वाटेल, आता कशाला शिवतात. पण देवकाबाईंच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. चार दिवस त्यांनी अशी मशीन हाणली की शेजारच्या घरापर्यंत धडधड ऐकू जायची. तुरपाई अशी बारीक घातली, जशी ऑपरेशनच्या आधीही कधी घातली नव्हती. कुलदीपचा शर्ट, अंकुरचा शर्ट, दामिनीचा कुर्ता, अमिताचा ब्लाऊज, भैय्याजींची बंडी. काज, बटण, इस्त्री. बुधवारी संध्याकाळी पाचही कपडे घडी घालून तयार होते.

गुरुवारी विजया आली. देवकाबाईंनी तो गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, पाच वाट्या दे. विजयाने वरचा शर्ट उलगडला, खालचा कुर्ता उचलून बघितला, आणि हात मागे घेतला. दिवाळीच्या तोंडावर घरातून कोरे कपडे बाहेर निघतात म्हणजे काय, हे त्या धंद्यातल्या बाईला कळत होतं. तिने हळूच विचारलं, घरात कोणाचं काही बरंवाईट झालं का.

"सारे जिते हायेत," देवकाबाई म्हणाल्या. "धडधाकट हायेत. तू वाट्या दे."

विजयाला ते पटेना. एवढ्या मालावर नुसत्या पाच वाट्या देणं पाप आहे, मोठं पातेलं घ्या, कळशी घ्या, असं ती गयावया करून सांगू लागली. देवकाबाईंना पातेलं नको होतं. त्यांना पाच वाट्या पाहिजे होत्या, लहान, सारख्या, बिनफुलाच्या. विजया टोपलीत वाकून वाट्या शोधू लागली तेव्हा देवकाबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. बाई एवढी वाकली, हात पुढे टाकला, तरी मुंढ्यात, बाही जोडतात तिथे, ओढ नाही, पाठीवर एक चुणी नाही. अंगावर ओतल्यासारखा बसला होता मेला. त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी विचारलं, शिलाई कुठे उसवली का. विजया म्हणाली, साल होत आलं, रोज धुते, धागा हलला नाही. देवकाबाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दुप्पट राग आला. एवढी चांगली वस्तू, आणि तिची किंमत कळली ती गल्लोगल्ली फिरणाऱ्या बाईला. त्यांनी पाच वाट्या घेतल्या आणि निघताना विजयाच्या टोपलीत मूठभर शंकरपाळे टाकले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी पांढुर्ण्याची मंडळी आली. कुलदीपने संत्र्यांची पेटी उतरवली, पहिल्या तोडणीची. अमिताने आल्या आल्या पदर खोचला आणि अंगणात सडा टाकून रांगोळी काढली. दामिनीने झेंडूच्या माळा बांधल्या, अंकुरने पणत्या मांडल्या. देवकाबाई सगळ्यांशी बोलत होत्या, हसत होत्या, वाढत होत्या. एवढ्या गोड वागत होत्या की कुलदीपने बापाला बाजूला घेऊन विचारलं, मायची तब्येत बरी आहे ना. भैय्याजी काय सांगणार. त्यांच्याशी बायको तेरा दिवस झाले बोलत नव्हती आणि त्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं.

पूजा झाली. नव्या केरसुणीला हळदकुंकू झालं, लाह्याबत्तासे वाटून झाले. दरवर्षी कपड्यांची पिशवी दुसऱ्या दिवशी निघताना मिळायची. यंदा देवकाबाई पूजा होताच आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. ताटावर रुमाल होता. त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर ओळीने बसवलं, रुमाल काढला, आणि प्रत्येकापुढे एकेक वाटी ठेवली. प्रत्येक वाटीला कुंकवाचं बोट. कुलदीपला वाटलं, आत काही गोडधोड आहे. त्याने वाटी उचलून आत बघितलं. रिकामी होती.

"भाऊबीजेले घाला," देवकाबाई म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं, सावकाश. "तुम्ही कपडे नेता, भांडेवालीले देता, भांडे आनता. मले वाटलं, लेकरायले पांढुर्ण्यापावतर गठुडं वाहा लागते. म्हनून यंदा म्या इथंच करून टाकलं. एकेकाले एकेक वाटी आली. एकदम फिट."

कुलदीपने बायकोकडे बघितलं, बायकोने वाटीकडे. भैय्याजींच्या पुढ्यातही वाटी होती आणि त्यांना आपल्या बंडीचं काय झालं ते कळलं. ते मान खाली घालून बसले. देवकाबाईंना वाटलं होतं, आता रडारड होईल, पाया पडतील, आणि मग आपण दिवाळीभर फणफणू. तेवढा हक्क त्यांना पाहिजेच होता. तेरा दिवस त्यांनी हाच प्रसंग मनात घोळवला होता.

पण अमिता रडली नाही. वाटी हातात घेतली आणि वर बघितलं. तिलाही राग आला होता. वीस वर्षांत देवकाबाईंनी तिला रागावलेलं पाहिलं नव्हतं.

"आई, चुकलं माहं," ती म्हणाली. "पन सहा वर्सात तुम्ही आमचं माप एकदा तरी घेतलं काय? तुमच्या ब्लाऊजची बाही माह्या कोपराच्या वर चढत नाही. दर दिवाळीले आरशापुढं उभी राहून ओढून पाहतो, आन मंग रडतो. लग्नातली अमिता शिवून राहिल्या तुम्ही. ते आता नाही."

देवकाबाई म्हणाल्या, मग सांगायचं होतं, तोंड कोणी शिवलं होतं. त्यावर दामिनी बोलली, एकोणीस वर्षांची पोर, जी कधी मोठ्यांच्या मधात बोलत नाही. ती म्हणाली, तुला कोण सांगेल आजी. बाबा एकदा म्हणाले होते चिवड्यात मीठ जास्त झालं, तर तू दोन दिवस कोणाला चिवडाच दिला नाही. अंकुरने खालच्या मानेने सांगून टाकलं की त्याच्या शर्टाचं वरचं बटण दोन सालांपासून लागत नाही, बाकीच्यांची लागतात पण मग श्वास घेता येत नाही. कुलदीपने नुसता पोटावर हात ठेवला.

देवकाबाई उभ्याच होत्या. त्यांना विजयाची पाठ आठवली. वाळकी, सपाट, खांद्याशी अरुंद. ब्लाऊज तिच्या अंगावर ओतल्यासारखा का बसला, हे त्यांना आता कळलं, आणि बत्तीस वर्षांच्या कामात एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. वीस वर्षांमागे चहाचा ट्रे घेऊन आलेली पोरगी तशीच होती. फर्मा तिचा होता. आणि अमिता, ही जी समोर बसली होती, दोन बाळंतपणं झालेली, भरलेल्या अंगाची, हिने दरवर्षी याच घरात वाकून त्यांना नमस्कार केला, आणि देवकाबाई आशीर्वाद देऊन कागदावरून कापत राहिल्या. शरम वाटली की देवकाबाईंना राग येतो. तो आला. सुनेचा, नवऱ्याचा, मेलेल्या मायचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

त्या मशीनशी गेल्या, ड्रॉवर उघडला, आणि टेप काढला. पिवळा, कडा झिजलेला, आकडे पुसट झालेला. अर्ध्या सौसरच्या अंगाला लागलेला, या घरात कोणाला न लागलेला.

"उठ," त्या अंकुरला म्हणाल्या.

अंकुर उठला तेव्हा त्यांना खांद्याला हात पोचेना. पाट आणायला लावला, पाटावर उभ्या राहिल्या, माप घेतलं, आणि शिव्या देत राहिल्या. माय म्हणत होती वाढ खुंटते, आणि हे मेलं भिताडाएवढं झालं. दामिनीला वही घ्यायला लावली. छाती, खांदा, बाही, कॉलर. मग दामिनीचं घेतलं, मग कुलदीपचं. कुलदीपच्या पोटाशी टेप जोडताना त्यांनी त्याला विचारलं, पांढुर्ण्याच्या ऑफिसात काम करतो का नुसता खातो. कोणी हसायची हिंमत केली नाही. भैय्याजीही मुकाट्याने उठून हात बाजूला पसरून उभे राहिले.

"तुमचं माप पाठ हाय मले," देवकाबाई म्हणाल्या. तेरा दिवसांत नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "तुम्ही बसा खाली. आनखी माफी नाही झाली तुमची."

राहिली अमिता. ती सगळ्यांच्या मागे दाराशी जाऊन उभी होती, वाटी अजून हातातच. देवकाबाईंनी तिला ये म्हटलं नाही, नुसता टेप हवेत झटकला. अमिताने वाटी मशीनवर ठेवली आणि पुढे येऊन हात बाजूला धरले, अनोळखी शिंप्याकडे गिऱ्हाईक धरतं तसे. देवकाबाईंनी टेप तिच्या पाठीमागून घेतला आणि समोर आणून जोडला. वीस वर्षांत त्या सुनेच्या एवढ्या जवळ कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. तिच्या कानाशी दोन केस पांढरे झाले होते, तेही त्यांनी आजच बघितले. अमिताने श्वास ओढून धरला होता.

"श्वास सोड," देवकाबाई म्हणाल्या. "खोटं माप नोको देऊ मले. लय झालं खोटं."

अमिताने श्वास सोडला. टेप देवकाबाईंच्या बोटांतून सरकत गेला. छत्तीस. सदतीस. अडतीसवर थांबला. खिळ्यावरच्या फर्म्यावर बत्तीस लिहिलेलं होतं. त्यांनी आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा नीट दिसला नाही. दामिनी वही घेऊन थांबली होती, पण आजी आकडा सांगेना. टेपवर एक थेंब पडला, मग दुसरा.

"रडू नोको," देवकाबाई सुनेवर खेकसल्या. "टेप ओला होऊन राहिला."

अमिता रडत नव्हती.